दोन रेघा

"वीकेंडला काय केलंस?" असं सोमवारी ऑफिसात एकाने विचारलं. त्याने स्वतः सिंहगड केला होता, वर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली होती, फोटोबिटो होते. मी म्हटलं, "दोन रेघा दुरुस्त केल्या." त्याला वाटलं घराचं काही काम काढलंय. मीही पुढे काही बोललो नाही, कारण समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि स्टँडअप सुरू होत होता. आता निवांत आहे, तर सांगतो.

झालं असं, की कामाच्या निमित्ताने पायथॉनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं एका मॉड्यूलचं पान वाचत होतो. (कुठलं ते सांगत नाही. आता दुरुस्त झालंय, उगाच बदनामी कशाला.) ते मॉड्यूल कमांड लाइनवरून चालवायचं तर एक ऑप्शन द्यावा लागतो. तो त्या पानावर एका वाक्यात सांगितलेला होता. मी मुलखाचा आळशी, तिथूनच कॉपी केला आणि टर्मिनलमध्ये पेस्ट केला. एरर. असला कुठला ऑप्शन मला ठाऊक नाही, म्हणे. पुन्हा पेस्ट केला, पुन्हा तेच. एररमध्ये ऑप्शनचं नाव छापून आलेलं, अक्षर न् अक्षर बरोबर. हेल्प मागवली, तर तिच्यातही हाच ऑप्शन! दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघत बसलो. चष्मा काढून पुसला. तरी सारख्याच.

शेवटी वैतागून हाताने टाइप केला आणि चालला.

तुमच्यापैकी काहींना एव्हाना कळलं असेल. असे लांब नावाचे ऑप्शन दोन हायफननी सुरू होतात, म्हणजे दोन छोट्या आडव्या रेघा. पानावर मात्र एकच रेघ होती, किंचित लांब. तिला एन-डॅश म्हणतात. माणसाच्या डोळ्याला दोन्ही रेघाच. कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक हायफन म्हणजे एक कॅरेक्टर आणि एन-डॅश म्हणजे भलतंच दुसरं कॅरेक्टर, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वीस मिनिटं गेली माझी.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आणि त्याची गंमत थोडी सांगायला हवी. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लेटेकमध्ये लिहीत. २००७ साली ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत आणलं गेलं. त्यातून वेबपानं बनवण्यासाठी जॉर्ज ब्रांडल या गृहस्थाने स्फिंक्स नावाचं टूल लिहिलं, ते २००८ मध्ये सगळ्यांसाठी बाहेर आलं. आज पायथॉनच्या जगातले अर्धेअधिक प्रोजेक्ट आपलं डॉक्युमेंटेशन स्फिंक्सवरच बनवत असावेत (हा माझा अंदाज, मोजायला कोण गेलंय). तर या स्फिंक्समध्ये एक सोय आहे, स्मार्टकोट्स. तुम्ही सरळ अवतरणचिन्हं टाइप केलीत तर ती छापील पुस्तकासारखी गोलसर करून देते. तीन टिंबं दिलीत तर त्यांचं एक चिन्ह. दोन हायफन दिले तर एन-डॅश, तीन दिले तर त्याहून लांब एम-डॅश. लेटेकमध्येही दोन हायफनचा एन-डॅश होतोच, तेव्हा ही खोड घराण्यातलीच म्हणायची.

गद्य वाक्यासाठी ही छान सोय आहे. पण त्याच वाक्यात कमांड असली की घोळ होतो. आपल्याकडे एखादी मावशी येते, आपण बाहेर गेलो की प्रेमाने आपलं टेबल आवरून ठेवते, आणि मग आठवडाभर चार्जर सापडत नाही. तसंच हे. मावशीला सांगून ठेवायची पद्धत आहे: जो मजकूर कोड आहे त्याच्याभोवती खुणा घालायच्या, म्हणजे ती त्याला हात लावत नाही. त्या वाक्यात कुणीतरी खुणा घालायला विसरलं होतं, बस.

गुरुवारी रात्री मी त्या पानाच्या बाजूचं 'शो सोर्स' दाबून बघितलं. (पायथॉनच्या प्रत्येक पानावर ही लिंक असते, कधी गंमत म्हणून बघा.) सोर्समध्ये दोन हायफन होते, व्यवस्थित. म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिलं होतं आणि वाचणाऱ्याला चूक दिसत होतं. टॅब बंद करून झोपावं, असा विचार होता. वीस मिनिटं गेली ती गेली.

पण झोप येईना, कारण मला २०१८ आठवलं.

थर्ड इयरला होतो. पायथॉनची प्रॅक्टिकल्स पहिल्यांदाच आली होती आणि लॅब मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सचा एक गठ्ठा, कोपऱ्यात स्टेपल मारलेला. त्यात क्लास कसा लिहायचा याचं एक प्रॅक्टिकल होतं, बँक अकाउंटचं. पायथॉनमध्ये क्लासचं ऑब्जेक्ट तयार होताना जे फंक्शन आपोआप चालतं त्याचं नाव इनिट, पण नुसतं इनिट नव्हे. आधी दोन अंडरस्कोर, मग इनिट, मग पुन्हा दोन अंडरस्कोर. म्हणजे इथेही दोन रेघा, फक्त अक्षरांच्या तळाशी. आमच्या झेरॉक्समध्ये रेघा नव्हत्याच. तिथे नुसतं 'इनिट' छापलं होतं, ठळक अक्षरात.

का ठळक, ते आज सांगू शकतो. मार्कडाउन नावाची जी पद्धत आहे (जॉन ग्रुबरची, २००४ सालची, आज चॅटपासून गिटहबपर्यंत सगळीकडे तीच) तिच्यात शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर घातले की तो शब्द ठळक होतो आणि अंडरस्कोर गायब होतात. कोडच्या खुणा न घालता कुणीतरी मार्कडाउनमध्ये नोट्स टाकल्या असणार, तिथून त्या कुणीतरी वर्डमध्ये घेतल्या असणार, तिथून झेरॉक्स. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. रेघा वाटेत गळल्या होत्या.

आम्हाला तेव्हा वाटलं, महत्त्वाचं असेल म्हणून ठळक केलंय!

आता हे चालवलं की काय होतं बघा. इनिट नावाचं फंक्शन लिहिणं हा काही गुन्हा नाही, त्यामुळे पायथॉन त्या ओळीवर चकार शब्द काढत नाही. पण ऑब्जेक्ट बनवायला जा, तुम्ही खातेदाराचं नाव देता आणि तो म्हणतो, हा क्लास काही आर्ग्युमेंट घेतच नाही. घेतच नाही? समोर तर लिहिलंय की घेतो म्हणून! एरर दाखवतोय खालच्या ओळीवर, चूक आहे वरच्या ओळीत, आणि वरची ओळ मॅन्युअलशी तंतोतंत जुळतेय. यापेक्षा वाईट एरर मेसेज मी पुढे बरेच पाहिले, पण तेव्हा पगार मिळत होता.

माझा रूममेट लातूरकडचा. औशाजवळच्या गावातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात आमच्या मजल्यावर सगळ्यात पुढे. मीही मराठी माध्यमाचाच, त्यामुळे आमच्या दोघांत एक गोष्ट सारखी होती: इंग्रजीत छापलेलं चुकीचं असू शकतं ही शक्यताच डोक्यात नव्हती. मराठी पुस्तकात चूक सापडली तर आम्ही वर्गात हात वर करायचो. इंग्रजीतलं कळलं नाही, जुळलं नाही, चाललं नाही, तर दोष आपला. आपलं इंग्रजी कच्चं, आपण नीट वाचलं नसेल.

त्याने तो प्रोग्रॅम चार वेळा लिहिला. पुसून पुन्हा, पहिल्या ओळीपासून. सरांना विचारलं तर सर म्हणाले, "बघून लिही. जसंच्या तसं." तो जसंच्या तसंच लिहीत होता. मी काय केलं? दुसऱ्या बॅचच्या एका पोराकडून पेनड्राइव्हवर चालणारा कोड आणला, प्रिंट मारली, जर्नलला लावली आणि कँटीनला गेलो. त्या कोडमध्ये काय वेगळं आहे हे बघायचे कष्टही घेतले नाहीत. त्याला म्हटलं, घे की, तूही लाव. तो म्हणाला, "मला जमायला पायजे ना पण."

ओरलला एक्स्टर्नलनी त्याला नेमकं तेच विचारलं. कन्स्ट्रक्टर का चालत नाहीये? तो म्हणाला, माहीत नाही सर. मी बाहेर नंबरची वाट बघत होतो. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. त्या रात्री म्हणाला, कोडिंग आपल्याला जमणारं नाही, आपली ती लायनच नाही. इंजिनिअरिंग त्याने पूर्ण केलं, चांगल्या मार्कांनी केलं, पण प्लेसमेंटच्या वेळी कोडिंगची एकही परीक्षा त्याने दिली नाही. आज तो लातूरला एका पतसंस्थेत आहे. आता, दोन रेघांमुळे एका माणसाचं आयुष्य बदललं वगैरे म्हणायला मी काही सिनेमा लिहीत नाहीये. घरची शेती होती, वडलांचं आजारपण होतं, बरंच काही होतं. पण त्या चार वेळा पुसून लिहिण्याचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही असंही म्हणवत नाही.

मला खरं कारण कळलं २०२१ मध्ये, पहिल्या नोकरीत. कंपनीच्या अंतर्गत विकीवर एका पानात 'इनिट' ठळक दिसलं आणि टाळक्यात वीज चमकली. पान तिथल्या तिथे दुरुस्त केलं. त्याला फोन मात्र केला नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. विषय निघाला नाही, असं म्हणू.

असो. तर शनिवारी सकाळी साडेदहाला बसलो.

आधी एक कबुली. ओपन सोर्सला किरकोळ दुरुस्त्या पाठवायची ही माझी पहिली वेळ नव्हे. डिजिटलओशन नावाची कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये हॅकटोबरफेस्ट भरवते. २०२० साली त्यात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या आम्हा पोरांनी जो उच्छाद मांडला त्याला तोड नाही. लोकांच्या प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये जायचं, 'प्रोजेक्ट'च्या जागी 'अमेझिंग प्रोजेक्ट' करायचं आणि पाठवून द्यायचं. जगभरच्या मेंटेनर लोकांच्या इनबॉक्सचा पार उकिरडा झाला. शेवटी ३ ऑक्टोबरलाच आयोजकांनी नियम बदलला: ज्या प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतलाय तिथल्याच रिक्वेस्ट मोजल्या जातील. (टी-शर्ट देणं पुढे २०२३ मध्ये बंद झालं.) मीही एक स्वल्पविराम घातला होता. चांगल्या वाक्यात, नको तिथे. मेंटेनरने काही न बोलता त्यावर 'स्पॅम' असं लेबल लावून बंद केली. ते लेबल अजून तिथे आहे. कधीकधी जाऊन बघतो.

त्यामुळे या वेळी जरा धास्ती होती. पायथॉनसारख्या प्रोजेक्टमध्ये, जिथे खरेखुरे दिग्गज बसलेत, तिथे मी दोन चिन्हं घेऊन जाणार. यालाही स्पॅमच म्हणाले तर? आणि हेतू तरी काय आपला, वाचणाऱ्याची वीस मिनिटं वाचवणं की नावापुढे 'कॉन्ट्रिब्यूटर' लागणं? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही. दुसरं किंचित जास्तच असेल.

डोनाल्ड नुथ यांची आठवण झाली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ सेंट, म्हणजे हेक्साडेसिमलमधला एक डॉलर! लोक तो चेक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. बँकेच्या फसवणुकीच्या भानगडींमुळे २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी सॅन सेरिफ नावाच्या काल्पनिक बेटावरच्या बँकेचं प्रमाणपत्र देऊ लागले. लोकांना तेही तितकंच हवं असतं. तेव्हा छापील चुका शोधून मिरवायची हौस फक्त मलाच आहे असं समजू नका.

पायथॉनचा सगळा सोर्स गिटहबवर असतो, २०१७ पासून. फोर्क केला, उतरवून घेतला. डॉक नावाच्या फोल्डरमध्ये गेलो, ती फाइल उघडली, ते वाक्य सापडलं. ऑप्शनच्या मागे एक बॅकटिक, पुढे एक बॅकटिक. (कीबोर्डवर एस्केपच्या खाली जे दुर्लक्षित बटण असतं, ते.) सेव्ह. झालं की! चहा टाकला.

चहा पिता पिता 'मेक चेक' चालवलं आणि तांबडी ओळ आली. म्हणे, डिफॉल्ट रोल वापरलाय. कोड दाखवायचा असेल तर दोन बॅकटिक घाला.

ही चूक माझ्या बोटांची. मार्कडाउनमध्ये एक बॅकटिक म्हणजे कोड. दिवसभर चॅटमध्ये आणि गिटहबवर आपण तेच करतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट हे मार्कडाउनच्याही आधीचं. त्यात एक बॅकटिक म्हणजे 'हा काहीतरी विशेष शब्द आहे, कसला ते आधी लिहिलेल्या रोलवरून ठरव'. रोल लिहिलाच नाही तर तो शब्द नुसता तिरका होतो. कोड हवा असेल तर दोन-दोन बॅकटिक. शब्द तिरका दिसतो म्हणजे काहीतरी झालं असं वाटतं, एररही येत नाही, आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणूनच पायथॉनवाल्यांनी तपासणीसाठी स्फिंक्स-लिंट नावाचा एक पहारेकरी बसवलाय. मला त्याने दारातच धरलं. म्हणजे मी चूक दुरुस्त करायला आलो होतो आणि येताना नवीन चूक घेऊन आलो होतो.

दोन बॅकटिक केले. पहारेकरी गप्प. 'मेक एचटीएमएल' करून पान घरच्या घरी बनवून बघितलं. याला बराच वेळ लागतो, तेवढ्यात अंघोळ उरकली. पानावर दोन रेघा, वेगवेगळ्या, ठसठशीत. उचलून टर्मिनलमध्ये डकवल्या. चाललं. खरं सांगतो, प्रॉडक्शनमध्ये मोठं रिलीज गेल्यावरही इतकं बरं वाटलेलं नाही.

मग पुल रिक्वेस्ट. पहिल्यांदा पाठवणाऱ्याला एक करारनामा ऑनलाइन सही करून द्यावा लागतो, तो दिला. बेडिव्हेअर नावाचा एक बॉट येऊन कागदपत्रं तपासून गेला. नावं सगळी माँटी पायथॉनच्या सिनेमातली. भाषेचं नावच मुळात त्यांच्यावरून आहे. माझ्या दोन चिन्हांना इश्यू नंबर लागत नाही आणि बदलांच्या यादीत नोंदही लागत नाही, हे एका माणसाने लेबलं लावून सांगितलं. आणि दुपारी दीडच्या सुमारास रिव्ह्यू आला. रिव्ह्यू करणारा माणूस कुठल्या टाइमझोनमध्ये होता कोण जाणे.

त्याने स्पॅम म्हटलं नाही. आधी आभार मानले. मग लिहिलं की दोन बॅकटिक चालतील, पण याच पानावर खाली या ऑप्शनची सविस्तर नोंद आहे. तेव्हा साध्या कोडऐवजी 'ऑप्शन' हा रोल वापरलास तर वाचणाऱ्याला त्या नोंदीपर्यंत नेणारी लिंक आपोआप तयार होईल. जमेल का?

मी आधी जरा फुरंगटलो. दोन चिन्हांत काय चुका काढता राव! मग लक्षात आलं, मी फक्त चुकीची रेघ बघत होतो आणि तो माणूस वाचणाऱ्याला बघत होता. ऑप्शनचं नाव वाचून माणूस पुढे काय करेल? तो ऑप्शन काय करतो ते शोधायला जाईल. मग त्याला नेऊनच सोडू. मी पाच वर्षं कोड रिव्ह्यू करतोय. 'नेमिंग बदला' आणि 'इथे स्पेस द्या' यापलीकडे मी लोकांना किती वेळा असं काही सांगितलंय, यावर फार विचार न करता बदल केला. एवढ्यात मेसच्या काकूंचा फोन, "येताय की डबा झाकून ठेवू?" म्हटलं झाका.

संध्याकाळी ती रिक्वेस्ट मर्ज झाली. मग मिस इसलिंग्टन नावाचा दुसरा बॉट (हीही त्याच सिनेमातली, चेटकीण) येऊन जुन्या चालू आवृत्त्यांमध्ये तोच बदल आपला आपण करून गेला. एवढुशा बदलाची इतक्या ठिकाणी नोंद. मी तो पान रिफ्रेश करत बसलो होतो, पाव्हण्यांची एसटी कधी येते बघत स्टँडवर बसावं तसा.

पण इथे एक गोष्ट कळली, जी आधी माहीत असती तर कदाचित माझा हात थोडा थबकला असता. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनची भाषांतरं आहेत. २०१७ च्या पेप ५४५ या प्रस्तावाने त्यांना अधिकृत जागा मिळाली. जपानी, फ्रेंच, कोरियन या भाषा सुरुवातीपासून आहेत. भाषांतर परिच्छेदानुसार होतं: इंग्रजी परिच्छेद एका बाजूला, त्याचं भाषांतर दुसऱ्या बाजूला. इंग्रजी परिच्छेदात एक चिन्ह जरी बदललं तरी ती जोडी तुटते. जुनं भाषांतर 'फझी' म्हणून बाजूला पडतं, म्हणजे कुणीतरी डोळ्यांखालून घालेपर्यंत ते दाखवायचं नाही. आणि तोवर त्या पानावर काय दिसतं? इंग्रजी.

म्हणजे मी इथे शनिवारी चहा पीत दोन चिन्हं बदलली, आणि ओसाकात कुणी पोरगं ते पान जपानीतून वाचत असेल तर त्याचा तो परिच्छेद इंग्रजी झाला. कुणी जपानी माणूस आपला शनिवार खर्च करून ते पुन्हा तपासेल तेव्हा तो परत जपानी होईल. आणि कहर म्हणजे, जपानी भाषांतरासाठी ती स्मार्टकोट्सची सोय मुळात बंदच ठेवलेली आहे. तिथे त्या दोन रेघा आधीपासून दोनच होत्या! ज्यांची चूक नव्हती त्यांचा परिच्छेद मी बिघडवून ठेवला.

यावर उपाय नाही. इंग्रजी चुकीचं ठेवणं हा काही उपाय नव्हे. पण 'एवढीशी तर दुरुस्ती' हे शब्द आता मी जरा जपून वापरतो. आणि नुसत्या शोभेच्या बदलांवर मेंटेनर लोक का भडकतात हेही कळलं. तो २०२० चा माझा स्वल्पविराम कुणा अनोळखी भाषांतरकाराचा किती वेळ खाऊन गेला असता, देव जाणे. बरं झालं स्पॅम म्हणाले.

रात्री रूममेटला फोन लावला. वर्षभराने बोलत होतो बहुतेक.

"काय करायलास?" नेहमीसारखाच. इकडचं तिकडचं झालं, त्याच्या मुलीचं बारसं, पाऊस, सोयाबीनचा भाव. मग मी विषय काढला. बँक अकाउंटचं प्रॅक्टिकल आठवतंय का म्हटलं.

"आठवतंय की. इनिट."

त्याला नाव आठवत होतं. मी सगळं सांगितलं. मार्कडाउन, अंडरस्कोर, ठळक का झालं. तो मधे काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कागदावरच नव्हत्या रेघा?"

"नव्हत्या."

"मी चार वेळा लिहिलं होतं लेका."

"हो."

"अन् तुला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे मला फोन लावायच्या आधीच माहीत होतं. म्हटलं, २०२१ ला. तो फक्त "हं" म्हणाला. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मी सॉरी म्हणावं का, असं चाललेलं मनात, तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधी ठेवीच्या पावतीवर खातेदाराचं नाव अर्धंच येतंय. तीन वर्षं झाली. इंग्रजीतलं पूर्ण येतंय, मराठीतलंच तुटतंय. मी म्हणतो सॉफ्टवेअर चुकतंय, मॅनेजर म्हणतो तुम्ही भरताना चुकताय. सांग आता."

म्हटलं, फोटो पाठव. आडनाव झाकून पाठव.

दहा मिनिटांत आला. लांबलचक मराठी नाव, मधेच तुटलेलं, शेवटच्या अक्षराचा पाय मोडून लोंबकळतोय. मी मोजायला बसलो. समजा नाव ज्ञानेश्वर असेल, तर आपल्याला दिसतात चार अक्षरं. युनिकोडमध्ये मोजली तर दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व, र. पावतीवरचं नाव बरोबर चाळिसाव्याला तुटलं होतं. ज्याने कुणी ती फील्ड चाळीसची ठेवली त्याने इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवली असणार.

त्याला लिहिलं, "तुझी चूक नाही. चाळीसला तुटतंय. व्हेंडरचा ईमेल पत्ता दे."

रात्री पावणेबाराला त्याचं उत्तर आलं. पत्ता होता, आणि खाली आणखी तीन पावत्यांचे फोटो. प्रत्येकावर त्याने स्वतः पेन्सिलीने अक्षरं मोजून आकडे टाकले होते. काना, मात्रा, हलन्त सगळं धरून. तिन्हींवर चाळीस.